शू लेनमधली भिंत

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात एक चित्र आहे: शू लेनमध्ये दोन बंबवाल्यांवर घर कोसळतंय. ते काढणारा लेनर्ड रोसोमन १९४० च्या ब्लिट्झमध्ये स्वतः सहायक अग्निशमन दलात होता. त्याची पाळी संपली, दुसऱ्याने त्याच्या हातातली नळी घेतली आणि पाठोपाठ भिंत आली. जागा घेणारा गेला, रोसोमन वाचला. ती आठवण मात्र त्याला पुढे कित्येक वर्षं छळत राहिली.

गंमत बघा, बॉम्ब पडायच्या आधी याच लोकांना 'लष्कर चुकवणारे' म्हणून टोमणे मारत! पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी निदान 'शेल शॉक' हा शब्द तरी होता. बंबवाला पडला साधा नागरिक. धातूला थकवा येतो हे आम्हा इंजिनिअरांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पीटीएसडी हे नाव अधिकृत व्हायला मात्र १९८० उजाडलं.

पुढे १९८७ मध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आगीत ३१ जण गेले, त्यात कॉलिन टाउन्सली हा अग्निशमन अधिकारी होता. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२.

ब्लिट्झमध्ये गेलेल्या बंबवाल्यांच्या बायकामुलांसाठी १९४३ मध्ये एक निधी उभारला गेला. तीच संस्था आज 'फायर फायटर्स चॅरिटी' या नावाने जिवंत राहिलेल्यांच्या मनावरही उपचार करते.