टू-लेटच्या पाटीपासून लीडपर्यंत

पुण्या-मुंबईच्या बिल्डरांकडे सोमवारच्या सेल्स मीटिंगमध्ये फ्लॅटच्या दराआधी लीडचा दर निघतो. एक लीड केवढ्याला पडली, त्यातल्या किती साइटवर आल्या, किती 'जंक' निघाल्या. लीड म्हणजे नाव, मोबाइल नंबर, बजेट आणि 'टू बीएचके की थ्री' एवढीच माहिती. ती पुष्कळदा एकाच वेळी चार-पाच जणांच्या हाती पडते आणि ज्याची ती माहिती आहे त्याला फोन वाजेपर्यंत काही कळत नाही. या धंद्यात माहिती पूर्वीही विकली जायची, पण ती जागेची असायची. आता विकली जाते ती गिऱ्हाइकाची माहिती. या उलटापालटीचा दोष लोक इंटरनेटला देतात. तो निम्माच खरा आहे.

मुंबईत १८९६ला प्लेग आला, १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांवर तिशीच्या दशकात 'टू लेट'च्या पाट्या लटकत असत, असं जुने रहिवासी सांगत. म्हणजे त्या काळी मालक भाडेकरू शोधत होता. मग युद्ध आलं, गर्दी वाढली, आणि १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण धरून गोठवलं. एकदा मिळालेली खोली सोडायला कुणी तयार होईना आणि भाड्यानं देण्यासाठी नवी चाळ बांधणं हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. पाट्या उतरल्या. कुठली खोली रिकामी होतेय ही बातमी आता खोलीइतकीच मोलाची झाली.

ती बातमी दलाल विकायचा. खोली मिळवण्यासाठी वरून द्यायची रक्कम, म्हणजे पगडी, बेकायदा होती तरी सर्रास चालायची, आणि कायद्यानं तिला जागा दिली ती थेट १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात. दलालाचं एक तंत्र मात्र कुठल्याही कायद्याआधीचं आहे. तो पत्ता सांगत नसे. गिऱ्हाइकाला नाक्यावर बोलवायचं, गल्लीबोळांतून फिरवून आणायचं आणि मालकाशी एकटं बोलू द्यायचं नाही. पत्ता फुटला की दलाली बुडाली. हे तंत्र लक्षात ठेवावं, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींनी या मक्तेदारीला थोडी भोकं पाडली. 'स्टेशनजवळ, स्वतंत्र नळ, दलाल क्षमस्व' अशा दोन ओळींत मालक परस्पर गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा. ज्याला नाव उघड करायचं नसे तो बॉक्स नंबर घ्यायचा. पत्रं वर्तमानपत्राच्या कचेरीत यायची आणि तिथून त्याच्याकडे जायची. त्या व्यवस्थेत जाहिरात देणारा झाकलेला राहायचा आणि विचारणाऱ्याची चौकशी वाया गेली तरी पंधरा पैशांच्या टपालापलीकडे त्याचं काही जात नसे.

खरा पालट झाला तो कागदावरच्या घरांमुळे. मालकी हक्काच्या सदनिकांचा जमाना आला, फसवणुकीच्या तक्रारीही आल्या, आणि १९६३ला राज्यानं मालकी सदनिकांचा कायदा केला. बिल्डर नावाचा जो माणूस आता समोर होता त्याच्याकडे एक रिकामी खोली नव्हती. अजून न बांधलेले साठ फ्लॅट होते, आणि जोत्याच्या आतच निम्म्यांचे पैसे हवे होते. पुन्हा टू-लेटच्या काळासारखं विकणाऱ्याला घेणारा शोधणं आलं, फक्त आता साठ पटींनी. त्यातूनच इन्व्हेस्टर ही जात जन्माला आली. राहायला जायचंच नाही, शुभारंभाच्या आधी बिल्डरला रोकड द्यायची, कमी दरात चार फ्लॅट अडवायचे आणि ताब्याच्या आत विकून मोकळं व्हायचं. हिंजवडीला आयटी पार्क आलं, २००२पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण धावू लागला, आणि पनवेल-कर्जतच्या प्लॉटांची होर्डिंगं घाटापर्यंत रांगेनं उभी राहिली.

होर्डिंगला एक मोठी अडचण होती. ते वाचून कोण आलं हे कळत नसे. म्हणून पुढे प्रत्येक होर्डिंगवर वेगळा फोन नंबर छापू लागले. कुठलाही लावला तरी फोन एकाच टेबलावर वाजायचा, पण खालापूरची पाटी चालली की खारघरची हे महिन्याअखेरीला कळायचं. जुना बॉक्स नंबर जाहिरातदाराला लपवायचा. हा नवा नंबर फोन करणाऱ्याला टिपायचा.

प्रॉपर्टी प्रदर्शनं हा लीडचा सख्खा आजोबा. मांडवात शिरताना कूपन भरायचं: नाव, फोन, व्यवसाय, किती खोल्या, किती बजेट. लकी ड्रॉमध्ये सोन्याचं नाणं किंवा मिक्सर. स्टॉलवर काचेचं भांडं, त्यात व्हिजिटिंग कार्ड टाकायचं. लोक मिक्सरच्या आशेनं बजेट चढवून लिहीत आणि सासऱ्यांच्या नावानं दुसरं कूपन भरत. सोमवारी एखादी पोरगी ती सगळी कूपनं एक्सेलमध्ये चढवायची. त्या एक्सेलच्या फायली पुढे पेनड्राइव्हवरून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरल्या. गिऱ्हाईक विकायला काढलं ते इथंच, आणि तेव्हा फेसबुकवर जाहिरातीचा फॉर्म निघायला बरीच वर्षं होती.

पोर्टलांनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. २००५ला नाइन्टीनाइन एकर्स, २००६ला मॅजिकब्रिक्स. यातलं दुसरं तर वर्तमानपत्राच्याच घराण्यातलं. हाउसिंग डॉट कॉमची गोष्ट जास्त बोलकी. पवईच्या आयआयटीतल्या पोरांना मुंबईत भाड्यानं घर मिळेना, म्हणून २०१२ला त्यांनी खऱ्या फोटोंचा, खऱ्या पत्त्यांचा नकाशा बनवायला घेतला. शोधणाऱ्याची बाजू घेऊन निघालेली ही बहुधा पहिली मंडळी. पण शोधणारा पैसे देत नाही, ते देतो बिल्डर आणि एजंट. मग धंदाही त्यांच्याच सोयीनं वळला.

२०१५च्या ऑक्टोबरात फेसबुकनं लीड फॉर्म आणला. त्यात नाव, ईमेल, फोन प्रोफाइलमधून आपोआप भरलेले येतात. दोनदा अंगठा टेकवला की काम झालं. रात्री अंथरुणात स्विमिंग पूलचा फोटो बघताना अंगठा पडतो, आणि सकाळी अकराला 'सर, आपण इन्क्वायरी केली होती' म्हणून फोन आला की माणूस मनापासून 'मी नाही' म्हणतो. नको असलेले फोन रोखणाऱ्या 'डीएनडी' यादीत नंबर घातलेला असूनही उपयोग नाही, कारण फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत आपण फोनला संमती देऊन बसलेलो असतो. कूपन भरायला निदान मांडवापर्यंत चालत जावं लागायचं.

आता त्या दलालाकडे परत येऊ. त्याला हल्ली चॅनल पार्टनर म्हणतात. गिऱ्हाइकाला साइटवर नेण्याआधी तो बिल्डरकडे त्याचं 'टॅगिंग' करतो, म्हणजे ठरावीक दिवस हे गिऱ्हाईक माझं. पण नोंद करताना अनेक जण मोबाइलचे शेवटचे चारच आकडे देतात. पूर्ण नंबर दिला तर बिल्डरची सेल्स टीम परस्पर फोन लावील ही धास्ती. पत्ता न सांगणाऱ्या आजोबांचा नातू आता नंबर सांगत नाही. साइट ऑफिसात सरबताबरोबर फॉर्म येतो, त्यात 'आपल्याला प्रकल्पाची माहिती कुठून मिळाली?' याखाली चौकटी. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे 'होर्डिंग'वर टिक करतं, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाचं कमिशन तिथंच गोत्यात येतं. म्हणून कुठल्या चौकटीवर टिक करायची हे गाडीतच पढवलेलं असतं.

२०१७च्या मेपासून रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेचा नवा कायदा, पुरता लागू झाला. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही, आणि एजंटलाही नोंदणी बंधनकारक. प्री-लाँचचा इन्व्हेस्टर यानं संपेल असं वाटलं होतं. त्याऐवजी 'ईओआय' आला. विक्री नाही, बुकिंग नाही, फक्त परत मिळण्याजोगा एक चेक आणि इच्छा व्यक्त करणारा कागद. नावं आणि नंबर आधीच गोळा.

१ ऑगस्ट २०२३पासून महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाच्या मंजुऱ्या, ताब्याची तारीख, काम कुठवर आलंय हे दिसतं, आणि त्यासाठी कुणी तुमचा नंबर मागत नाही. इतक्या वर्षांनी जागेची माहिती फुकट मिळू लागली म्हणायची. बिल्डरांनी तो कोड छापला, पण कोपऱ्यात, पाटीवरच्या नावा-नंबरांच्या मानानं नखाएवढा. शेवटी २०२५ला महारेराला आणखी एक आदेश काढावा लागला: नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात हवेत, आणि त्यांची अक्षरं संपर्काच्या फोन नंबरापेक्षा लहान असता कामा नयेत.