गडचिरोलीच्या आरोग्यदूत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा एखादी पाककृती द्यावी असा माझा विचार होता. पण पाककृती पुष्कळ आल्या आहेत, इतिहासाचे पान रिकामे आहे, असे कळले. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिण्याएवढे माझे शिक्षण नाही. मी सातवी पास. म्हणून माझ्यासारख्याच पाचवी-सातवी-दहावी शिकलेल्या बायकांनी जो इतिहास घडविला, तोच सांगते. तो फार जुना नाही. आपल्यापैकी बहुतेकींच्या हयातीतलाच आहे.

गडचिरोली जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. १९८२ साली चंद्रपुरातून तो वेगळा झाला. दाट जंगल, भाताची शेती आणि गोंड लोकांची मोठी वस्ती. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपे तेथे जाऊन राहिले. दोघेही नागपूरला डॉक्टरी शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. मनात आणते तर मोठ्या शहरात दवाखाना थाटून बसले असते. त्यांनी ‘सर्च’ नावाची संस्था काढली. पुढे दवाखाना बांधला, त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

राणीताईंनी पहिले काम केले ते बायकांचे. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या शंभरी ९२ जणींना अंगावरून जाणे, पाळीचा त्रास असा काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या शंभरांत अवघ्या आठ! लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात १९८९ साली हे छापून आले. बायकांची दुखणी बायका बोलत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. ते मोजून दाखवायला मात्र कोणीतरी विचारावे लागते.

मग लहान मुलांच्या न्यूमोनियाचे काम निघाले. आपल्याकडे जुन्या बायका ‘बाळाला डबा झाला’ म्हणत, तेच हे दुखणे. मूल धापा टाकते, छाती आत ओढली जाते. मिनिटाला किती श्वास चालतो हे मोजले की दुखणे ओळखता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास साठ किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक झाला, तर न्यूमोनिया समजावा. पण गावच्या सुईणींना कुठे पन्नासपर्यंत मोजता येत होते? तेव्हा त्यांच्यासाठी मणी ओवलेले एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटभराची वाळू खाली पडेपर्यंत लाल मण्याला हात लागला, तर औषध सुरू करायचे. किती सोपे! आपल्या पाटीवरच्या मण्यांसारखेच. १९९० साली याचेही निष्कर्ष छापले गेले. या पद्धतीने औषध दिलेल्या ६१२ आजारी मुलांत शंभरी एकही मूल दगावले नाही. शेजारच्या, उपचार न झालेल्या गावांत मात्र शंभरी तेरा-चौदा दगावत होती.

तरीही अगदी कोवळी बाळे जातच राहिली. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतली. माझ्या आजेसासूबाईंची नऊ बाळंतपणे झाली, पाच मुले हाती लागली. उरलेल्या चौघांना नावेच नाहीत, कारण ती बारशापर्यंत पोचली नाहीत. विचारले तर म्हणत, “त्यांना काय मोजायचे, आली तशी गेली.” पण असे न मोजलेले मूल कोणाच्या हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात नाही त्याच्यावर इलाजही शोधला जात नाही.

गडचिरोलीत ३९ गावांत हा हिशेब सुरू झाला. १९९३ ते १९९५ या काळात तेथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. बाळंतपणे बहुतेक घरी होत. आजारी नवजात बाळाला इस्पितळातच न्यावे असे शास्त्र सांगे, पण इस्पितळ दूर, पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही ही रीत. मग घरीच उपचार करता येतील का, हा प्रश्न निघाला.

त्यासाठी गावोगावच्या पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणत. एकदम औषधे हातात दिली नाहीत, हे मला फार आवडले. १९९५ साली पहिले वर्ष नुसते पाहण्याचे आणि लिहिण्याचे. बाळंतपणाच्या वेळी सुईण आईकडे बघे, आरोग्यदूत बाळाकडे. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत घरी जायचे, वजन करायचे, ताप पाहायचा, वहीत लिहायचे. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन ती वही तपासत. या वहीतून कळले की शंभरी ४२ बाळे जन्मतःच अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

दुसऱ्या वर्षी, १९९६ साली, उपचार सुरू झाले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, हलक्या बाळाला ऊबदार पिशवीत कसे ठेवावे, दूध कसे पाजावे, हे त्या शिकल्या. सर्वांत कठीण म्हणजे अंगात जंतुदोष पसरणे. तो ओळखण्याची लक्षणे अशी: आधी नीट रडणारे बाळ हळू रडू लागले किंवा रडेनासे झाले, हातपाय लुळे पडले, दूध ओढणे कमी झाले वा थांबले, पोट फुगले किंवा बाळ ओकू लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, अंग गार पडले किंवा तापले, बेंबीत पू झाला. यांतली दोन एका वेळी दिसली की उपचार करायचा. यात यंत्र कुठेच नाही, पाहा. बघणारी बाई मात्र रोजची ओळखीची हवी, आणि आईचे म्हणणे खरे मानणारी हवी.

उपचार म्हणजे जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने द्यायचे औषध. घरोघरच्या कापडाच्या टोपलीत हात घालणाऱ्या बायकांच्या हाती इंजेक्शन! पुष्कळ जाणत्या डॉक्टरांना हे पटले नाही. त्यांची शंका मी अगदीच चूक म्हणणार नाही. एवढ्याशा मांडीत सुई टोचायची म्हणजे खेळ नव्हे. पण उत्तर आकड्यांनी दिले. जंतुदोष झालेल्या बाळांतली पूर्वी शंभरी सोळा-सतरा जात, ती तीनच्या आत आली. ३९ गावांत हजारी ६२ चे १९९७-९८ साली २५ झाले. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे आकडा जिथल्या तिथेच राहिला. काळजी घेतलेल्या दर अठरा बाळांमागे एक जीव वाचला, आणि खर्च बाळामागे पाच डॉलरच्या आसपास. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे जगापुढे मांडले. निबंधावर नावे डॉक्टरांची असतात. पण वह्या कोणी भरल्या, हे आपण विसरू नये.

२००५ साली आपल्या देशात आशा कार्यकर्तीची योजना आली. तेव्हा त्यांच्यासाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा होती. म्हणजे माझी एक इयत्ता कमीच पडली असती! २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळ पाहण्याचे काम या आशांकडे सोपविले. सुई मात्र त्यांच्याकडे दिली नाही. २०१४ साली, इस्पितळात नेणे शक्य नसेल तेव्हा ते इंजेक्शन देण्याची मुभा एएनएम नर्सबाईंना मिळाली. या सगळ्या खेपांबद्दल आशेला बाळामागे २५० रुपये ठरले. यावर मी काय बोलावे? बायकांच्या कामाचा भाव नेहमी असाच लागतो.

२०२० साली देशातला पहिल्या महिन्यातला बालमृत्यू हजारी २० वर आला होता. दवाखान्यांतली बाळंतपणे वाढली, रस्ते झाले, हे सारे त्याला कारण आहेच. पण या खेपांचाही त्यात वाटा आहे.

आता दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. त्यांच्या पिशवीत वजनाचा काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि भरावयाचा कागद असतो.