निवडणूक निधीचे गुन्हे आणि अमेरिकी अध्यक्षांचे क्षमादान

अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षांना क्षमादानाचा जवळजवळ निरंकुश अधिकार दिला आहे. महाभियोगाचा अपवाद वगळता संघराज्याच्या कायद्याखालील कोणताही गुन्हा त्यांना माफ करता येतो. घटक राज्यांच्या कायद्याखालील गुन्हे मात्र या कक्षेबाहेर राहतात. भारतात राष्ट्रपती हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. अमेरिकेत असे बंधन नाही. अर्जांची छाननी करणारा कक्ष न्याय खात्यात आहे आणि शिक्षा वा सुटका झाल्यानंतर किमान पाच वर्षांनी अर्ज करावा, असा त्याचा दंडकही आहे. परंतु अध्यक्षांनी तो पाळलाच पाहिजे असे नाही.

निवडणुकीत पैसा पुरविणाऱ्यास निवडून आलेल्यानेच माफ करावे काय, हा प्रश्न वॉटरगेट काळापासूनचा आहे. कंपन्यांनी उमेदवारांना देणग्या देण्यास १९०७ पासून बंदी असतानाही रिचर्ड निक्सन यांच्या १९७२ च्या प्रचाराला असा पैसा पोचला. त्या प्रकरणात न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७४ मध्ये गुन्हा कबूल केला व १५ हजार डॉलर दंड भरला. त्यांना क्षमा मिळाली ती जानेवारी १९८९ मध्ये, रोनाल्ड रेगन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी. निक्सन यांनाच बेकायदा देणगी देणारे तेलउद्योजक आर्मंड हॅमर यांना त्याच वर्षी थोरल्या बुश यांनी माफ केले.

पुढे ही प्रतीक्षा आटत गेली. मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय कुटुंबातील लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील सिनेट उमेदवार वेंडी लाँग यांना इतरांच्या नावे २० हजार डॉलर दिले. स्वतःच्या नावे देणगीची कायदेशीर मर्यादा संपली होती, म्हणून ही पळवाट. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आठ महिने निगराणी केंद्रात वास्तव्य, पाच वर्षांची परिवीक्षा आणि ३० हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. परिवीक्षा संपण्यापूर्वीच, मे २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना क्षमा केली.

कॅलिफोर्नियाचे खासदार डंकन हंटर यांच्यावर प्रचारनिधी घरखर्चासाठी वापरल्याचा आरोप होता. आरोपपत्रात पाळीव सशाच्या विमानभाड्याचाही उल्लेख होता! ११ महिन्यांची कैद सुरू होण्यापूर्वीच, डिसेंबर २०२० मध्ये त्यांना माफी मिळाली. टेनेसीचे माजी राज्य सिनेटर ब्रायन केल्सी २१ महिन्यांपैकी जेमतेम दोन आठवडे तुरुंगात राहून मार्च २०२५ मध्ये सुटले. हंटर आणि केल्सी यांनाही ट्रम्प यांनीच क्षमा केली.

क्षमादान म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. दोषसिद्धीची नोंद कायम राहते. शिक्षा आणि तिच्यासोबत येणारी मतदान, पदग्रहण यांवरील बंधने तेवढी दूर होतात. शिक्षेत सूट हा याहून मर्यादित प्रकार. माजी खासदार जॉर्ज सँटोस यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मिळाली, तेव्हा त्यांची कैद संपली; दोष मात्र पुसला गेला नाही.