नवी गाडी घेताय? शोरूमच्या कोटेशनपासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत काय पाहायचं

हिंगोली : हळदीची पट्टी हातात पडली किंवा सोयाबीन विकून झालं, की जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत गाडीचा विषय निघतो. दवाखान्यासाठी नांदेड गाठायचं असतं, लेकीला आणायला जायचं असतं, रात्री-बेरात्री दुसऱ्याच्या दारात जाऊन गाडी मागायची नको वाटते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन. ट्रॅक्टरवरचा जीएसटीही त्याच दिवसापासून १२ वरून ५ टक्के झाला. त्यामुळं शोरूमला गर्दी वाढली. पण एका पिकाचा सगळा पैसा एका सहीत जातो, म्हणून सही करायच्या आधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

जाहिरातीतली किंमत ही एक्स-शोरूम असते. घरी येईपर्यंत त्यावर रोड टॅक्स, विमा, नोंदणी आणि फास्टॅग चढतो. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के एकरकमी रोड टॅक्स आहे. म्हणजे सात लाखांच्या पेट्रोल गाडीला ७७ हजार नुसता टॅक्स. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस कापतात. तो इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून परत मागता येतो, पण रिटर्नच भरलं नाही तर ते पैसे तसेच पडून राहतात.

कोटेशन तोंडी घेऊ नये, कागदावर ओळ-ओळ लिहून मागावं. त्यात 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' असलं काही दिसलं तर हे कशाचे म्हणून सरळ विचारावं. विचारणाऱ्याचे कमी होतात, न विचारणाऱ्याचे लागतात. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. नव्या चारचाकीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, गाडीच्या नुकसानीचा मात्र एकेक वर्षाचा घेता येतो. बाहेरून दोन ठिकाणी दर काढले, तर शोरूमचा दरही खाली येतो.

कर्जाचं गणित घरी बसून करावं. पाच लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ८,१७० बसतो आणि व्याज एक लाख ८६ हजारांच्या आसपास जातं. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता साडेदहा हजार, पण व्याज एक लाख ३० हजार. हप्ता लहान दिसतो म्हणून माणूस सात वर्षं घेतो आणि छप्पन हजार जास्तीचे देतो. दुसरी अडचण अशी की शेतकऱ्याकडं पैसा वर्षातून दोनदा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, कारला सहसा मिळत नाहीत. म्हणून पट्टीतले सगळे पैसे डाउन पेमेंटला न घालता निदान सहा हप्ते बाजूला ठेवलेले चांगले.

गाडी ताब्यात घेताना घाई नको. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये एकामागं एक चाव्या वाटतात, तिथं गाडी तपासायला कोणाला वेळ नसतो. पूजा मुहूर्तावरच करा, पण गाडी आदल्या दिवशी उजेडात जाऊन पाहून या. रंगात कुठं फरक दिसतो का, दारांच्या फटी सारख्या आहेत का, काचांवर ओरखडा आहे का, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २४२५ असेल तर २०२५ सालच्या चोविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी कधी बनली तो महिना आणि साल फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात असतं. गाडी आठ-दहा महिने यार्डात उभी असेल तर ती वाईटच असते असं नाही, पण मग सूट मागायला हरकत नाही. चेसीचा सतरा अक्षरांचा नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा एकच आहे, हे स्वतः वाचून बघावं. स्टेपनी, जॅक, पाना, दुसरी चावी तिथंच मोजून घ्यावी. यार्डातल्या गाडीत हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्याप्रमाणं ती करून घ्यावी.

नंबरप्लेट हायसिक्युरिटी असते आणि ती विक्रेत्यानंच बसवून द्यायची असते. एमएच ३८ चा नंबर आला की एमपरिवाहन ॲपवर नाव, पत्ता आणि चेसी नंबर तपासून घ्यावा. नावातली चूक तेव्हाच दुरुस्त झालेली बरी, गाडी विकताना ती फार छळते.

आता चालवण्याचं. नव्या इंजिनाला 'रनिंग-इन' लागतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक रेघा ठेवलेल्या असतात, त्यावर पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसायच्या असतात. त्या बसल्या की दाब टिकतो आणि ऑइल जळत नाही. आजकालची इंजिनं पूर्वीपेक्षा बारकाईनं बनतात, त्यामुळं पूर्वीइतकं जपावं लागत नाही. तरी पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत काही पथ्य पाळावंच, कंपनीच्या पुस्तकातही तसंच सांगितलेलं असतं.

पथ्य म्हणजे गाडी हळू-हळू ढकलत नेणं नव्हे, इथंच बऱ्याच जणांची गफलत होते. चौथ्या-पाचव्या गिअरला तीसच्या वेगानं गुरगुरत नेली तर इंजिनावर उलट जास्त ताण येतो. पेट्रोल गाडीचा काटा साधारण तीन हजारांच्या आत ठेवावा, वेग थोडा कमी-जास्त करत राहावा, एकदम पाय दाबू नये. म्हणून पहिल्याच आठवड्यात वाशिमकडून समृद्धी महामार्गावर चढून तासन् तास १२० वर गाडी सोडणं बरोबर नाही. नुसती उभी करून इंजिन चालू ठेवणं तर त्याहून वाईट. हिंगोली ते औंढा, नाहीतर कळमनुरीपर्यंतचा साधा रस्ता रनिंग-इनला चांगला. देवदर्शनाला पहिल्या दिवशी जायचंच असतं, पण पाच जणांच्या गाडीत आठ जण कोंबून नव्हे. ब्रेकचे पॅड आणि टायरही नवे असतात, पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण आलेली नसते. पुढच्या गाडीपासून अंतर जरा जास्त ठेवावं.

डिझेल घेणाऱ्यानं आधी एक विचार करावा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं एका दमात पळावी लागते. रोज फक्त गाव ते शेत एवढंच चालणं असेल तर फिल्टर चोंदतो आणि खर्च मोठा येतो. अशा घरी पेट्रोल बरं.

सोयाबीनच्या दिवसात आणखी एक धोका. चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याआधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खालून लाल होईपर्यंत तापू शकतो. वाळलेल्या कुटारावर, धसकटात किंवा गवतावर गाडी लावली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. रस्त्यावर मळणीला पसरलेल्या पिकावरून गेल्यावर खाली काड्या अडकल्यात का, हे उतरून बघावं. शेतातल्या शेडमध्ये उभी केली तर उंदीर वायरी कुरतडतात, चार-आठ दिवसांनी बॉनेट उघडून पाहायची सवय ठेवावी.

बाहेरून वायर कापून लाइट, हॉर्न बसवले तर वायरिंगची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. समोरचा लोखंडी गार्ड कायद्यानं चालत नाही, आणि त्यानं एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवते, लग्नसराईत हे ध्यानात ठेवावं.

ट्रॅक्टरचं रनिंग-इन किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते. तोवर काळ्या रानात खोल नांगरट किंवा भरलेल्या दोन ट्रॉल्या नकोत, हलकी-मध्यम कामं द्यावीत. कारची पहिली सर्व्हिस साधारण हजार किलोमीटर किंवा एक महिना, यात जे आधी येईल तेव्हा. गाडी दारात उभी होती, चाललीच नाही, हे कारण चालत नाही. सर्व्हिसची नोंद आणि बिल जपून ठेवावं, वॉरंटीत तेच मागतात.

कर्ज फिटलं की काम संपलं असं समजू नये. सातबारावरचा बोजा उतरवतो तसा आरसीवरचा बोजाही उतरवावा लागतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडं अर्ज केला की आरसीवरून बँकेचं नाव निघतं.