जमावाची हिंसा आणि जीवरक्षण : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

हमरस्ता, बसथांबा, बाजार किंवा कारखान्याचे गेट अशा ठिकाणी एकाएकी दगडफेक, जाळपोळ वा शस्त्राचा हल्ला सुरू होतो, तेव्हा त्यात सापडलेल्या बहुतेकांचा मूळ वादाशी काहीही संबंध नसतो. शिफ्टवर जाणारे कामगार, कंपनीच्या बसमधले प्रवासी, गिऱ्हाइकाची वाट पाहणारे रिक्षाचालक, अशी ही माणसे असतात.

चाकणने याचा अनुभव ३० जुलै २०१८ रोजी घेतला. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी पुकारलेल्या बंददरम्यान पुणे-नाशिक महामार्गावरील तळेगाव चौकातले आंदोलन सुरुवातीला शांततेत होते. पुढे जमाव बेफाम झाला. बस आणि इतर वाहने पेटवली गेली, पोलीस जखमी झाले, महामार्ग ठप्प झाला आणि जमावबंदी लागू करावी लागली. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय त्यानंतर सोळा दिवसांनी, १५ ऑगस्टला सुरू झाले; पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेले चाकण त्यात आले. दरम्यान ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदला या पट्ट्यातील अनेक कंपन्यांनी आधीच सुट्टी दिली होती. त्याच दिवशी औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत मात्र जमाव थेट कारखान्यांत शिरला आणि तोडफोड केली.

इथल्या कामगाराला मॉक ड्रिल ठाऊक असते : सायरन झाला की काम सोडायचे, बाहेर यायचे, असेंब्ली पॉइंटवर जमून हजेरी द्यायची. आगीसाठी हे योग्यच आहे. गेटबाहेर जमाव असेल तर हीच सवय घातक ठरते, कारण मोकळ्या जागी एकत्र उभी असलेली माणसे दगडाच्या टप्प्यात येतात. अशा वेळी गेट बंद करून लोकांना इमारतीच्या आतल्या भागात, काचांपासून दूर ठेवणे, शिफ्ट न सोडणे आणि बस वाटेतच थांबवणे किंवा माघारी फिरवणे हे उपाय आहेत. अनेक कंपन्यांच्या सुरक्षा आराखड्यांत आगीला जेवढी जागा मिळते तेवढी याला मिळत नाही.

रस्त्यावर धोक्याची चाहूल बहुधा आधी लागते. दुकानांची शटर धडाधड खाली येतात, चौकात टायर पेटतो, समोरून येणारी वाहने उलट दिशेने वळू लागतात. पुढे काय झाले हे पाहायला जाण्याचा मोह इथे सर्वांत महाग पडतो. मोबाइलवर चित्रीकरण करणारा माणूस दोन्ही बाजूंच्या नजरेत भरतो. मुख्य चौक टाळून वाडीच्या आतल्या रस्त्याने दूर जावे. दुचाकी सोडून पळावे लागले तरी डोक्यावरचे हेल्मेट काढू नये. गर्दीच्या लोंढ्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध झगडू नये. हात छातीपुढे धरून, तिरके सरकत कडेला निघावे आणि खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये.

वाहन हा आसरा नव्हे. जमावाचे पहिले लक्ष्य तेच असते. बसवर दगड येऊ लागले तर काचेपासून दूर, सीटखाली वाकून डोके पिशवीने झाकावे. बस पेटण्याची शक्यता दिसताच उतरावे. दार अडले असेल तर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असे लिहिलेली खिडकी किंवा दार वापरावे. बसमध्ये चढतानाच ते पाहून ठेवावे. बाजूची काच कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूने मारल्यास फुटते. पुढची काच थरांची असल्याने तडकते, पण सहज निखळत नाही. अश्रुधूर पसरल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने जावे, डोळे चोळू नयेत, पाण्याने धुवावेत.

शस्त्राचा हल्ला निराळा असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये कोयता घेऊन गाड्या फोडणारी टोळकी हा नेहमीच्या बातम्यांचा विषय आहे. पळता येत असेल तर पळावे, नाही तर दार लावून आत बसावे आणि मोबाइलचा आवाज बंद करावा. झुंजणे शेवटी. तरी पुण्याच्या सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी एका तरुणीवर कोयता उगारला गेला, तेव्हा वाटेवरच्या तरुणाने हल्लेखोराला धरल्यामुळेच ती वाचली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे या उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर काढले. तिथे जागेची माहितीच कामी आली.

पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. घटनास्थळ सांगताना ‘एमआयडीसीत’ एवढे पुरत नाही; फाटा, चौक वा कंपनीचे गेट सांगावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम सतत दाबून धरावी, रुतलेले हत्यार उपसू नये. हातापायाचा रक्तस्राव थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा करकचून आवळून वेळ लक्षात ठेवावी.

कायद्याच्या दृष्टीने, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खाजगी संरक्षणाचा हक्क देतात, मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. जमावाला पांगण्याचा आदेश मिळाल्यावर जाणूनबुजून त्यात थांबणे हा गुन्हा असल्याने बघ्यांवरही कारवाई होऊ शकते. जळालेल्या वाहनाची भरपाई मिळण्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. केवळ त्रयस्थ-पक्ष विम्यात दंगलीत झालेले स्वतःच्या वाहनाचे नुकसान धरले जात नाही. दाव्यासाठी पोलिसांकडे तक्रार नोंदवून वाहनाचा पंचनामा करून घ्यावा आणि नुकसानीची माहिती विमा कंपनीला लवकर द्यावी.