खोपोली-भिवपुरीची वीज आणि कंपनीस दिलेली भूमि

कर्जत स्थानकास लागून असलेल्या भिसेगांवापासून टाटांच्या कंपन्यांचीं दोन जुनीं वीजगृहें जवळच आहेत. खोपोलीसाठीं बांधलेल्या वळवण धरणाची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं ८ फेब्रुवारी १९११ रोजीं बसविली. बरोबर चार वर्षांनीं लॉर्ड विलिंग्डन यांनीं तेथील वीज सुरू केली. भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं चालू झालें. पूर्वेस जाणारें आंध्रा नदीचें पाणी घाट उतरून पश्चिमेस आलें. या उद्योगाच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. विचार करावयाचा तो इतकाच कीं, सरकारनें कंपन्यांस जें दिलें तें सरकारचें होतें काय?

विश्वजित् यज्ञांत राजानें सर्वस्व द्यावयाचें असतें. तथापि भूमि देतां येत नाहीं, कारण ती सर्वांची आहे, असा मीमांसकांचा निर्णय आहे. सतराव्या शतकांत नीलकंठभट्टानें व्यवहारमयूखांत हेंच मत स्वीकारून राजाचा हक्क करापुरताच ठरविला. आमच्या संग्रहांतील बहुतेक इनामपत्रेंही वसुलाचींच आहेत.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यानें ही मर्यादा सोडली. त्याच्या सातव्या भागान्वयें सरकारनें कंपनीशीं करार करावा, तो गॅझेटांत छापावा, आणि रयतेची जमीन कंपनीच्या हातीं जावी. करारास पक्ष दोनच; ज्याची जमीन, तो त्यांत नाहीं. जमीन हवी असल्याबद्दलचा सरकारचा जाहीरनामा हाच निर्णायक पुरावा. हरकत ऐकून घेण्याचें ५-अ हें कलम १९२३ च्या दुरुस्तीनें आलें, म्हणजे खोपोली व भिवपुरी येथील वीज सुरू झाल्यानंतर. तोंवर रयतेनें भांडावयाचें तें केवळ मोबदल्यासाठीं.

मुळशीच्या मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रह आरंभिला व पुढें सेनापति बापटांनीं तो चालविला, तेव्हां सरकारनें याच कायद्याचें शस्त्र कंपनीच्या हातीं दिलें. धरण झालें, १९२७ सालीं भिऱ्याची वीजही निघाली.

हा दोष परकी राज्याचाच होता असें म्हणून सुटका नाहीं. १९६१ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें आर. एल. अरोरा यांच्या खटल्यांत कंपनीसाठीं होणाऱ्या संपादनास मर्यादा घातली. पुढच्याच वर्षीं स्वराज्य सरकारनें आधीं वटहुकूम व मग कायदा काढून ती सैल केली आणि मागील संपादनेंही पक्कीं केलीं. खासगी कंपनीसाठीं ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमति लागावी, हा नियम यावयास १ जानेवारी २०१४ हा दिवस उजाडला. पक्षपात नेहमीं लांच घेऊनच होतो असें नाहीं. एका पक्षाचेंच ऐकावें अशी कायद्याची घडण असली, म्हणजे प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हातूनही तो घडतो.

गॅझेटें सरकारी ग्रंथालयांत सुरक्षित राहतात. नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, रयतेचे अर्ज मात्र घरोघरच्या गांठोड्यांत कुजतात. मोडी सनदेइतक्याच आदरानें संग्राहकांनीं हेही कागद जपावे, अशी आमची विनंति आहे. ते गेले तर या व्यवहाराचा इतिहास घेणाऱ्यांच्याच साक्षीवर लिहिला जाईल.