शिवराज्याभिषेकाची तिथी, वार व तारीख : एक टिपण

महाड तालुक्यातील रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा वर्षातून दोनदा साजरा होतो. एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. दोहोंपैकी खरा दिवस कोणता, असा वाद दरवर्षी ऐकू येतो. साधनांकडे वळावे तर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो. जेधे शकावलीत द्वादशी व शुक्रवार नोंदविला आहे. राज्याभिषेक शकाचे वर्ष त्रयोदशीला पालटते. इंग्रजी तारखेवरून वार काढावा तर तो शनिवार निघतो. आणि आजच्या पंचांगपद्धतीने मागे मोजीत गेल्यास ६ जून नव्हे, १६ जून येतो. ही सर्व विधाने एकाच पहाटेविषयीची असून त्यांपैकी एकही चुकीचे नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम वाराचा विचार करू. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीनुसार शके १५९६, आनंदनाम संवत्सरी, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस शुक्रवारी, तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनारूढ झाले. घटिका म्हणजे २४ मिनिटे; तेव्हा हा क्षण सूर्योदयापूर्वी सुमारे ७२ मिनिटांचा होय. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. म्हणून ती पहाट शुक्रवारचीच. युरोपीय पद्धतीत मात्र मध्यरात्रीच शनिवार सुरू झालेला होता. वाराचा भेद तो एवढाच.

तिथीचा उलगडाही त्याच नोंदीत आहे. शुक्रवारी द्वादशी २१ घटिका ३४ पळे होती, असे शकावली सांगते. म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे ८ तास ३८ मिनिटांनी, दुपारी दोनच्या सुमारास, ती संपली व त्रयोदशी लागली. दिवसाला नाव द्यावयाचे ते सूर्योदयाच्या तिथीचे. म्हणून शकावलीकाराने द्वादशी लिहिली. प्रत्यक्ष सिंहासनारोहण मात्र त्रयोदशीत झाले आणि राज्याभिषेक शकाने तीच तिथी धरली. चंद्राच्या मध्यम गतीवरून आज मागे गणित केले तरी द्वादशीचा शेवट त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने येतो. रूक्ष भासणारी ही नोंद त्यामुळे ग्रहगणिताच्या कसोटीस उतरते.

उरला प्रश्न दहा दिवसांचा. ज्यूलियन वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने सुमारे १२८ वर्षांत एक दिवसाची चूक साठते. ती दुरुस्त करण्यासाठी पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजविला. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत लांबविली. त्यामुळे १६७४ साली इंग्रजांचा ६ जून तोच पोर्तुगीजांचा १६ जून होता. गडावर त्या वेळी हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन जुन्या पद्धतीने दिनांक लिहीत असे. सिंहासनाजवळील भाल्यावर टांगलेला सोन्याचा तराजू त्याने टिपून ठेविला आणि इतक्या अवघड वाटेने हत्ती वर आले कसे, याचे आश्चर्यही नोंदविले. आपण वापरतो ती ६ जून ही तारीख त्याच पद्धतीची आहे.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हे. जिजाबाईंचे निधन पायथ्याच्या पाचाड येथे ज्येष्ठ वद्य नवमीस, जुन्या पद्धतीने १७ जून रोजी झाले. एखाद्याने राज्याभिषेकाची तारीख नव्या पद्धतीने १६ जून घेतली व निधनाची मात्र जुन्या पद्धतीने तशीच ठेविली, तर मातोश्री सोहळ्याच्या दुसऱ्याच दिवशी गेल्या असे होईल. वस्तुतः मध्ये ११ दिवस गेले. या निधनासारख्या घटना पुढे ठेवून निश्चलपुरी गोसावी याने पहिल्या अभिषेकात दोष दाखविले आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजी, आश्विन शुद्ध पंचमीस, तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. घटनांतील अंतरच चुकले, तर अशा कार्यकारणाची चर्चा निराधार ठरते.

हीच सावधगिरी रात्रीच्या इतर प्रसंगांनाही लागू आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे ज्यांची समाधी आहे, त्या तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो माघ वद्य नवमीच्या रात्री, ४ फेब्रुवारी १६७० रोजी, शुक्रवारी. मध्यरात्रीनंतरचा प्रसंग इंग्रजी गणनेने शनिवार ५ चा ठरेल. येथे तिथी तारखेपेक्षा अधिक सांगते. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. तेव्हा पूर्वरात्री चांदणे नव्हते, हे कोणत्याही बखरीचा आधार न घेता कळते.

महाराजांच्या प्रेरणेने कृष्ण दैवज्ञाने ‘करणकौस्तुभ’ हा ज्योतिषग्रंथ रचिला. शके १५७५ हे त्याचे आरंभवर्ष. कोकणातच, मुरूड येथे जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेलसह १८९६ मध्ये भारतीय कालगणनेची कोष्टके सिद्ध केली आणि तिथीवरून तारीख काढणे इतिहासाभ्यासकास सुकर झाले. परंतु कोष्टक उत्तर देते ते विचारलेल्या पद्धतीचेच. पद्धत ओळखण्याची जबाबदारी संशोधकाचीच राहते.

रायगडावरील दोन सोहळ्यांतील अंतरही याच दृष्टीने पाहावे. २०२३ मध्ये ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २ जूनला आली आणि मध्ये अधिक श्रावण पडल्याने २०२४ मध्ये २० जूनला. तिथी चंद्राबरोबर चालते, तारीख सूर्याबरोबर. १६७४ च्या त्या पहाटे दोन्ही एकत्र होत्या. तेव्हा कोणता दिवस खरा, या प्रश्नापेक्षा कोणत्या गणनेने, हा प्रश्न आधी विचारणे योग्य. कागद वाचताना दिनांकाबरोबर वार, तिथी व प्रहर ही तिन्ही ताडून पाहिली, तर बहुतेक वाद मुळातच उद्भवणार नाहीत.